पडद्यावरची शाळा आणि मुलींचे प्रश्न

मुलगा आणि मुलगी यांच्या बुद्धीत काही फरक असतो काय, हा वाद आपल्याकडे जुना आहे. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा 'मुलींना शिकवून करायचे काय?' असे उघडपणे विचारणारे लोक होते. आज तसे कोणी भर सभेत म्हणणार नाही. परंतु वाद संपला असे मात्र नाही. त्याने वेष पालटला आहे इतकेच. आता विचारले जाते ते असे : मोबाइलवर किंवा संगणकावर शिकताना मुलगे पुढे असतात की मुली? आणि पडद्यावर जे दिसते त्याची छाननी करण्याची, 'हे खरे कशावरून?' असे विचारण्याची ताकद कोणात अधिक? परदेशातील विद्यापीठांत या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरात त्याचे उत्तर कसे दिसते, हे येथे पाहावयाचे आहे. (वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, पण बोलण्यात अजून वेल्हेच येते, म्हणून या लेखातही तेच ठेवले आहे.)

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. आपण ज्याला सरसकट 'ऑनलाइन शिक्षण' म्हणतो त्यात दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकीत शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वेळी पडद्यासमोर असतात. झूमवरचा किंवा गूगल मीटवरचा तास हा या जातीचा. दुसरीत शिक्षक धडा, चित्रफीत किंवा प्रश्न पाठवून ठेवतात आणि विद्यार्थी आपल्या सवडीने ते पाहतो व उत्तर लिहितो. हा भेद वाटतो तितका किरकोळ नाही. पहिल्या प्रकारात वेळ शिक्षकाने ठरवलेली असते, दुसऱ्यात ती विद्यार्थ्याच्या हाती असते, निदान असावी अशी अपेक्षा असते. ज्या घरात मुलीची वेळ मुलीच्या हातात नाही, तेथे हे दोन्ही प्रकार पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चालत नाहीत.

दुसरा शब्द 'चिकित्सक विचार'. पुष्कळांना वाटते, चिकित्सा म्हणजे खोड काढणे, मोठ्यांना उलटून बोलणे. तसे नाही. अमेरिकेत पीटर फॅसिऑन यांच्या पुढाकाराने ४६ तज्ज्ञांनी विचारविनिमय करून १९९० मध्ये एक अहवाल तयार केला. त्यात चिकित्सक विचाराची सहा अंगे सांगितली आहेत : अर्थ लावणे, पृथक्करण करणे, मूल्यमापन, अनुमान, स्पष्टीकरण आणि आपलेच विचार पुन्हा तपासून पाहणे. पण त्याहून मला महत्त्वाचा वाटला तो त्यांनी केलेला दुसरा भेद. कौशल्य वेगळे आणि वृत्ती वेगळी. एखाद्याला छाननी करता येत असेल, पण ती करण्याची सवय, धाडस किंवा मोकळीक नसेल तर ते कौशल्य पेटीतल्या कपड्यासारखे घडी घालून राहते.

या विद्येसाठी पदवी लागते असेही नाही. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट जोरात असताना, कापूर, ओवा आणि लवंग यांची पुरचुंडी हुंगली की रक्तातील प्राणवायू वाढतो, असा संदेश घरोघरी फिरत होता. आमच्या वाडीत एका मुलाने तो मोठ्याने वाचून दाखवला. शेजारच्या एका आजींनी तो ऐकून घेतला आणि विचारले, "आरं, मग दवाखान्यात येवढ्या टाक्या कशापायी आणत्यात?" आजींना सही करता येत नाही. पण मूल्यमापन आणि अनुमान ही दोन्ही अंगे त्या एका वाक्यात आहेत.

आता प्रत्यक्ष काय घडले ते पाहू. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. राज्य शासनाने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असा उपक्रम सुरू केला, दीक्षा ॲपवरून पाठ पाठवले जाऊ लागले, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका झाली. कागदावर सर्व ठीक होते. परंतु ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि कोकण ओलांडून त्याने पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यालाही तडाखा दिला. विजेचे खांब पडले, घरांचे पत्रे उडाले. ज्या महिन्यात पडद्यावरची शाळा भरायची, त्याच महिन्यात अनेक वाड्यांवर मोबाइल चार्ज करायला वीज नव्हती. पाठोपाठ भाताची लावणी आली. चिखलणी पुरुषांकडे, पण तरवा काढणे आणि लावणे हे बहुतेक बायका-मुलींचे काम. इरले पाठीवर घेऊन वाकलेल्या मुलीला अकराचा तास अकराला कसा बसता येणार?

शिवाय रेंज. ज्यांनी तोरण्यामागच्या किंवा वरंध घाटाकडच्या वाड्या पाहिल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. गावात मोबाइल मुका, आणि वर माळावर किंवा खिंडीत गेले की दोन रेघा दिसतात. मुलगे घोळक्याने वर जात. बरोबर डबा नेत, तास संपला तरी तेथेच बसत. मुलींना एकटे वर पाठवायला घरचे तयार नसत. भाऊ असेल तर त्याच्या बरोबर, तो निघेल तेव्हा निघायचे. आई-बापांना दोष देणे सोपे आहे. पण ओसाड माळावर चौदा वर्षांच्या पोरीला पाठवताना त्यांच्या मनात येणारी भीती खोटी नव्हती. परिणाम मात्र एकच झाला. मुलग्यांना तास मिळाला, आणि मुलींना त्या तासाच्या वहीचा फोटो मिळाला.

मधल्या काळात शाळा उघडल्या, पुन्हा बंद झाल्या. ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग सर्वत्र उघडले ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही दिवस खंड पडला. आमची पिढी तेव्हा आठवी ते दहावीत होती. म्हणजे 'असे का?' हे विचारायला शिकण्याचे जे वय, तेच आम्ही पडद्यासमोर, किंवा पडद्यावाचून, काढले.

आता थोडे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील ३८ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. पुरुषांत हे प्रमाण ६१.५ टक्के होते. देशाच्या ग्रामीण भागापुरते पाहिले तर स्त्रिया २४.६ आणि पुरुष ४८.७ टक्के. हे सर्व वयोगटांचे झाले. विद्यार्थ्यांच्या वयाचे पाहायचे तर 'असर'चा २०२३ चा अहवाल पाहावा. देशातील २८ जिल्ह्यांत ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची ती पाहणी होती. स्मार्टफोन वापरता येतो असे मुलग्यांपैकी सुमारे ९५ टक्के आणि मुलींपैकी सुमारे ९० टक्के आढळले. पण वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा स्मार्टफोन किती जणांकडे? मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८ टक्के.

हे दोन आकडे शेजारी ठेवून नीट पाहावेत. वापरता येण्यात अंतर पाच टक्क्यांचे, मालकीत अंतर दुपटीहून जास्त. म्हणजे जो फरक आहे तो मुख्यतः डोक्यात नाही, खिशात आहे. (मुलींच्या कपड्यांना खिसेच नसतात, ही गोष्ट निराळी.)

कोणी म्हणेल, मोबाइल भावाचा असो की वडिलांचा, अभ्यास झाल्याशी कारण. येथेच खरी मेख आहे. स्वतःच्या मोबाइलवर माणूस रेंगाळतो. एक गोष्ट शोधायला जातो, वाटेत तीन भेटतात, त्यांतली दोन परस्परविरुद्ध असतात, मग तो तिसरीकडे जाऊन पाहतो. वरवर हा वेळेचा अपव्यय. पण दोन ठिकाणची माहिती ताडून पाहण्याची सवय या रेंगाळण्यातूनच लागते. मागून आणलेल्या मोबाइलवर फक्त काम उरकायचे असते. आमच्या भागातील कितीतरी घरांतला चांगला मोबाइल सकाळी वडिलांबरोबर शिरवळच्या कारखान्याकडे जातो आणि रात्री आठला घरी येतो. जेवणे झाली, भांडी झाली, की अर्धा तास तो मुलीच्या हातात पडतो. त्या अर्ध्या तासात ती प्रश्न उघडते, पहिले सापडलेले उत्तर उतरवून घेते आणि मोबाइल परत करते. दुसरे उत्तर पाहायला वेळ नाही. पुन्हा आपण काय शोधले ते सर्व घराला दिसणार, ही जाणीव असतेच. मग शिक्षक म्हणतात, मुली पाठ करतात, विचार करीत नाहीत. पाठांतर हा काही मुलींचा स्वभाव नव्हे, तो अर्ध्या तासाचा परिणाम आहे.

मग मोबाइल ज्यांच्या हाती आहे त्या मुलग्यांत चिकित्सा वाढली का? तसेही दिसत नाही. 'असर'च्याच २०२३ च्या पाहणीत दुसरीच्या पातळीचा आपल्या भाषेतील मजकूर वाचण्यात मुली पुढे होत्या (७६ टक्के, तर मुलगे ७०.९ टक्के), गणितात आणि इंग्रजी वाचनात मुलगे पुढे होते. २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयोगटातील स्मार्टफोन येणाऱ्यांना विचारले, तेव्हा मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के निघाले. अभ्यासाच्या वापरात मुलगे-मुलींत फारसे अंतर नव्हते. समाजमाध्यमांत मुलगे थोडे पुढे होते. खिशात मोबाइल असूनही दिवसभर आलेला संदेश न वाचताच पुढे ढकलणारे मित्र आपल्या सर्वांना माहीत आहेत. रेंगाळायला मोकळीक लागते हे खरे, पण मोकळीक मिळाली की माणूस छाननीच करील असे नाही. तेवढ्यासाठी कोणीतरी मागे लागून 'आधार काय?' असे विचारणारे लागते.

बुद्धीच्या मूळ प्रश्नावर शास्त्र काय म्हणते? जॅनेट हाइड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००५ मध्ये स्त्री-पुरुष भेदांवरील ४६ मोठी संकलने एकत्र तपासली. त्या प्रत्येक संकलनात पूर्वीचे अनेक प्रयोग सामावलेले होते. त्यांना आढळले की मोजलेल्या भेदांपैकी ७८ टक्के भेद अगदी लहान किंवा जवळजवळ शून्य होते. तेव्हा 'मुलींचे डोके असे आणि मुलग्यांचे तसे' हे जे आपण पारावर ऐकतो, त्याला फारसा आधार उरत नाही.

परंतु बोलण्याच्या रीतीत मात्र फरक सापडतो. सुसान हेरिंग या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ई-मेलवर चालणाऱ्या विद्वानांच्या चर्चा तपासल्या. पडद्यावर तोंड दिसत नाही, म्हणून तेथे स्त्री-पुरुष समान होतील अशी तेव्हा अनेकांना आशा होती. झाले उलटेच. थोडे पुरुष पुष्कळ लिहीत होते, ठासून लिहीत होते. स्त्रिया कमी लिहीत, प्रश्नाच्या रूपाने लिहीत आणि त्यांनी काढलेल्या विषयाला उत्तरेही कमी येत. त्या विद्यापीठात शिकवणाऱ्या बायका होत्या, हे लक्षात घ्यावे.

आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात मी हेच पाहते. मुलगा लिहितो, "सर, हे चूक आहे." मुलगी लिहिते, "सर, माझे चुकत असेल तर सांगा, पण..." आणि पुष्कळदा ते 'पण'च्या पुढचे खोडून फक्त "ओके सर" पाठवते. मग रात्री मैत्रिणीला निराळा संदेश जातो, त्यात प्रश्न पूर्ण असतो, आणि चांगला असतो. तासाला तोंडी बोलायचे तर आणखी अडचण. माइक चालू केला की घरातले सगळे आवाज वर्गात जातात आणि आपला आवाज घरात. माजघरात बसून, सासुरवाशीण चुलती आणि आजोबा ऐकत असताना, 'स्त्रियांचा मालमत्तेतील हक्क' या विषयावर शंका विचारणे म्हणजे काय, हे ज्यांनी विचारून पाहिले आहे त्यांनाच कळेल.

याला एक उदाहरण देते, कारण ते आपल्या तालुक्याचेच आहे. रायरेश्वरावरील शपथेची हकिकत आपण लहानपणापासून ऐकतो. सन १६४५ सांगितला जातो. चित्रफितींत तर कोण कोठे उभे होते आणि काय बोलले, हेही दाखवतात. इतिहासाचा विद्यार्थी येथे थांबून विचारील : समकालीन कागद कोणता? त्या प्रसंगाच्या संदर्भात दादाजी नरसप्रभू देशपांडे यांना लिहिलेल्या पत्राचा उल्लेख होतो, आणि त्या पत्राच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. असा प्रश्न विचारल्याने रायरेश्वराचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही; कोणत्याही अभ्यासाची सुरुवात असाच प्रश्न विचारून होते. हा प्रश्न एका मुलीने एका गटात विचारला. उत्तर एकाही कागदाचे आले नाही. 'हिला शिंगे फुटली' असे आले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या चुलत्यांना गावात कोणीतरी सांगितले की पोरीचा मोबाइल जरा बघा. हाच प्रश्न वर्षभरापूर्वी एका मुलाने विचारला होता. त्याच्याशी लोक भांडले, पण त्याचा मोबाइल बघायला कोणी सांगितले नाही. चिकित्सा दोघांचीही सारखीच होती, दोघांना मोजावी लागलेली किंमत मात्र सारखी नव्हती. त्या मुलीने गट सोडलेला नाही. मात्र ती आता लिहीत नाही. उद्या कोणी त्या गटातील संदेश मोजून मुलींची चिकित्सक बुद्धी ठरवू लागला तर तिच्या नावापुढे शून्य येईल.

यंत्राशिवायही ही बुद्धी फुलते, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी. वय सुमारे चौदा. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. ज्या धर्मग्रंथांच्या आधारे आपल्या लोकांना हीन लेखले जाते, त्या ग्रंथांवरच आपला अधिकार नाही, मग तो धर्म आपला कसा, अशा रोखाने ती विचार करते. आज आपण ज्याला पृथक्करण आणि अनुमान म्हणतो ते याहून निराळे काय आहे? १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून हेच केले : जे दोष स्त्रियांना लावले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असे एकेक घेऊन तपासले. मुक्ताजवळ पाटी होती, शाळा होती, आणि लिहिलेले छापून आणायला पाठीशी उभे राहणारे गुरुजन होते. या शेवटच्या गोष्टीवर माझा भर आहे.

हा सारा विषय करोनाबरोबर संपला असे कोणी समजू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमाचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयम्'वरील ऑनलाइन शिक्षणातून घेता येतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे असे श्रेयांक आपल्या वर्गांतही शिरत आहेत. वस्तुतः डोंगरातल्या मुलीसाठी ही चांगली संधी आहे. पुण्याला खोली घेऊन राहण्याची ऐपत नसलेली मुलगी नामांकित प्राध्यापकांचे व्याख्यान घरी ऐकू शकते, थांबवून पुन्हा ऐकू शकते. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, म्हणून वेल्ह्याच्या आतल्या गावांतून कॉलेजला येणे थोडे परवडू लागले. पण शेवटची गाडी कोणासाठी थांबत नाही. सवडीचे शिक्षण या गाडीवर अवलंबून नसते. फक्त ती सवड घरात मिळेल असे गृहीत धरू नये.

म्हणून महाविद्यालयात काही साध्या गोष्टी होऊ शकतात असे वाटते. संगणक कक्षाची वेळ गाडीच्या वेळेशी जुळवावी, दुपारी दोन तास तरी तो अभ्यासासाठी खुला असावा, आणि तेथे मुलींना 'काय बघतेस?' असे मागून कोणी विचारू नये. ऑनलाइन तासाला प्रश्न आधी लिहून मागवावेत आणि ते नावाशिवाय वाचावेत. मग कोणाचा प्रश्न चांगला ते आपोआप दिसेल. बहुपर्यायी उत्तरावर खूण करण्याऐवजी 'हे उत्तर तुम्ही कोठून घेतले आणि त्याविरुद्ध कोठे काय सापडले?' असे दोन ओळींत लिहायला सांगावे. हे मुलग्यांनाही तितकेच लागू आहे, किंबहुना पहिलाच दुवा उघडून निकाल देणाऱ्या आमच्या काही बंधूंना अधिक.

आमच्या वर्गातील एका मैत्रिणीने यंदा एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला आहे. आठवड्याची चाचणी रविवारी रात्री बारापर्यंत द्यायची असते. घरातला मोबाइल कंपनीतून आठला येतो, रविवारी पाळी असेल तर त्याहून उशिरा. गेल्या महिन्यात तिने वडिलांना पाळीचा तक्ताच मागून घेतला, आणि त्यावर चाचण्यांच्या तारखा लाल शाईने लिहून तो चुलीमागच्या भिंतीला चिकटवला आहे.